चांदणी नसलेलं घर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावर बसलेली पंचमंडळी, महिला मंडळाच्या अध्यक्षा सुलभाताई, आमच्या गायनवृंदाची नवी प्रमुख सौ. दीपश्री, कमरीपेठेतून दोन बस बदलून धारवाडपर्यंत आलेली हुबळीची मंडळी, माझ्या वृंदातली मुलं, म्हणजे ज्यांचे केस आता माझ्यापेक्षा जास्त पिकलेत ती मुलं, आणि पहिल्या रांगेत, चपला बाहेर काढाव्यात की नाही या विचारात अजूनही अवघडून बसलेले आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी श्री. बाळाचार्य, तुम्हां सर्वांना माझा सलाम.

आचार्य, चपला राहू द्या. इथं चालतं.

पाळकसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ज्या बाईनं एकतीस वर्षं एकेक ओळ वीस-वीस वेळा म्हणवून घेतली, तिला पाच मिनिटं देणं हा पाळकसाहेबांच्या विश्वासाचा भाग झाला. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. मला ते दिसत नाही, आणि मी वळून बघणारही नाही.

तुम्ही मला शाल दिलीत, हार घातलात, फळांची परडी दिलीत. माझ्याविषयी जे बोललात त्यातलं निम्मं खरं असतं तरी मी बरी बाई ठरले असते. आणि ही आरामखुर्ची. सागवानी आहे, वेताची बैठक आहे, हातावर चहाचा कप ठेवायला जागा आहे. सुलभाताई म्हणाल्या, “विमलक्कांनी आता विश्रांती घ्यावी.” पंच म्हणाले, विश्रांती घ्यावी. पाळकसाहेबही तेच म्हणाले. शिक्षिकेची सवय जात नाही, मी मोजत होते. सात वक्ते, अकरा वेळा विश्रांती. तुमच्या मनात माझ्याविषयी केवढी माया आहे, हे मला कळतं. पण खरं सांगू का, त्या शब्दाची मला गेल्या वर्षापासून थोडी भीती वाटते. का, ते सांगायलाच मी आज उभी आहे. निरोपाच्या भाषणात हे शोभतं की नाही, मला ठाऊक नाही.

आचार्यांसारख्या पाहुण्यांसाठी थोडं आधीपासून सांगते. नाताळच्या आधीचे चार आठवडे आम्ही आगमनकाळ म्हणतो. त्यातल्या शेवटच्या रविवारी, म्हणजे आज, संध्याकाळी आमचा गायनवृंद घरोघर जातो आणि ख्रिस्तजन्माची गाणी म्हणतो. दोन कानडी, एक मराठी. कुणी चहा देतं, कुणी करंज्या देतं, कुणी टीव्हीचा आवाज कमी करतं. सप्तापूर, मालमड्डी, केलगेरी असा फेरा असतो. ज्या दारावर कागदाची चांदणी पेटलेली दिसेल, ते आपलं घर. पत्ता विचारावा लागत नाही.

या फेऱ्याचा एक नियम आहे. मुलांना तो पाठ आहे, कारण मी तो पाठ करून घेतला आहे. ज्या घरात वर्षभरात कुणी वारलं असेल, त्या घरी जायचं नाही. चांदणी नसेल तर फाटक उघडायचं नाही. शेजारून जाताना ढोलकी बंद ठेवायची.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. तो मी केला. मी प्रमुख झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही मालमड्डीतल्या एका घरी गेलो होतो. घरातले कर्ते गृहस्थ दहा दिवसांपूर्वी गेलेले. आम्हाला माहीत होतं, तरी गेलो. तरुण होतो, ढोलकी जोरात होती. पहिलं कडवं संपतंय तोच शेजारच्या आजी कंपाउंडवरून ओरडल्या, “मन्याग साव आग्यद, नीव हाड हाडलिक बंदीरेन?” घरात माणूस गेलंय आणि तुम्ही गायला आलात? सगळी गल्ली बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही गाणं तिथंच तोडलं आणि माना खाली घालून निघालो. घरी जाऊन मी वहीत तो नियम लिहिला. पुढच्या सभेत सगळ्यांनी तो उचलून धरला. तेव्हाच्या पाळकांनीही शाबासकी दिली. आपण चार समाजांच्या शेजारात राहतो, लोकांच्या घरी वर्षभर सण नसतो, आपणही ती मर्यादा पाळावी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मलाही मी फार समजूतदार आहे असं वाटलं. ते वाटणं तीस वर्षं टिकलं.

आता गेल्या वर्षाकडे येते. आमचे हे ऑक्टोबरात गेले. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, आज घ्यायला गेले तर बोलणं पुरं होणार नाही, म्हणून ‘हे’च म्हणते. तुम्ही सगळे आलात. दफनाच्या दिवशी या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पंधरा दिवस कुणी मला चूल पेटवू दिली नाही. मी ते विसरलेले नाही, आणि पुढं जे बोलणार आहे त्यात तक्रार शोधू नका. असलीच तर ती माझी माझ्याविरुद्ध आहे.

डिसेंबर लागला तेव्हा दीपश्री घरी आली. म्हणाली, “अक्का, यंदा फेऱ्याचं आम्ही बघतो. तुम्ही विश्रांती घ्या.” मी बरं म्हटलं. महिला मंडळाच्या बायका म्हणाल्या, यंदा फराळाच्या कामाला येऊ नका, विश्रांती घ्या. सप्तापुरातल्या शेजारणी दिवाळीत ताट घेऊन यायच्या, त्याही त्या दिवाळीत आल्या नाहीत. त्यांना वाटलं, यांच्यात दुःखाचं वर्ष पाळत असतील. माझ्या मंडळीला वाटलं, शेजारपाजारी पाळतात, मग विमलक्काही पाळत असेल. सगळ्यांनी माझी इतकी काळजी घेतली की माझ्या दाराची कडी दिवस-दिवस वाजेना.

घरात किती शांतता असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. सकाळी दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचा. रेडिओ लावायचा, बंद करायचा. आणि लहानपणापासून ख्रिस्ती असलेल्या, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या या बाईला प्रार्थना करता येईना. डोळे मिटून ‘हे प्रभू’ म्हणायची, आणि पुढं काही नाही. पाळकसाहेब, हे तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, “शांती आहे ना?” मी हो म्हटलं. शांती भरपूर होती, तीच नको झाली होती.

राहिली चांदणीची गोष्ट. आमची चांदणी विकतची नाही. यांनीच बांबूच्या कामट्यांची केलेली, पांढऱ्या पतंगी कागदाची, दरवर्षी एखादा कोपरा फाटायचा आणि हे खळ लावून चिकटवायचे. एक डिसेंबरला स्टुलावर चढून ओट्याच्या वरच्या हुकाला लावायचे. रात्रभर पेटती ठेवायचे. मी म्हणायचे, झोपताना बंद करा. ते म्हणायचे, “असू दे, कुणाला तरी लागेल.” गेल्या वर्षी चांदणी माळ्यावरच राहिली. मी दुःख पाळत होते म्हणून नाही हो. माझा हात त्या हुकापर्यंत पोचत नाही, आणि गुडघ्यांमुळे मला स्टुलावर चढता येत नाही. एवढंच कारण होतं. कुणाला बोलावून सांगायचं, तर जीभ रेटेना.

तरी शेवटच्या रविवारी मी करंज्या केल्या. वीस जणांच्या. आधणात साखर टाकून ठेवली. मनात म्हटलं, नियम आहे खरा, पण मी त्यांची अक्का आहे, येतील. सात वाजता कोपऱ्यावर ढोलकी ऐकू आली. संतोषची थाप मी कुठंही ओळखीन. मी पदर सारखा केला, दाराशी जाऊन उभी राहिले. ढोलकी जवळ आली, आणि आमच्या फाटकाच्या अलीकडे थांबली. दीपश्रीचा आवाज आला, अगदी हळू, “श्श. इथं नको. अक्कांना त्रास नको.” मग चपलांचा आवाज. वीस माणसं इतकी जपून चालत होती की जणू घरात तान्हं बाळ झोपलंय. आणि ती निघून गेली.

माझा हात कडीवर होता. मी ती काढली नाही. काढून ‘अरे या की’ एवढंच म्हणायचं होतं. म्हणवलं नाही. नियम माझा होता, त्यांनी तो माझ्यापेक्षा चांगला पाळला होता. त्यांना हाक मारायची कुठल्या तोंडानं? पुढच्या गल्लीत ढोलकी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी दाराला डोकं टेकून रडले. दीपश्री, तू आता खाली बघू नकोस. वर बघ. मी तुला शिकवलं तसंच तू केलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. दारात हे बाळाचार्य. सोवळं सुटायचं होतं, कपाळावर गंध ओलं, आणि चेहरा रागावलेला.

“विमलाबाई, यंदा चांदणी नाही का?”

मी म्हटलं, “नाही आचार्य. हे गेले ना.”

“ते मला ठाऊक आहे. पण जिन्याचं काय करायचं?”

मला काही कळेना. तर म्हणाले, “धनुर्मास चालू आहे. पहाटे अंधारात आम्हाला मठात जायचं असतं. बावीस वर्षं या महिन्यात आमच्या जिन्यावर तुमच्या चांदणीचा उजेड पडतो. म्हणून जिन्यातला दिवा गेला तो मी बदललाच नाही. आज पहाटे आमच्या भाग्यलक्ष्मीचा पाय पायरीवरून सरकला. तुम्ही लावणार नसाल तर तसं स्पष्ट सांगा, मी बल्ब आणतो.”

आमचे हे म्हणायचे ते ‘कुणाला तरी’ म्हणजे कोण, ते मला तेव्हा कळलं. बावीस वर्षांत त्याबद्दल हे मला एका शब्दानं बोलले नव्हते.

मी म्हटलं, “चांदणी आहे हो आचार्य. लावणारे हात नाहीत.” आणि हे सांगताना मला रडू आलं. आचार्यांनी माझं सांत्वन केलं नाही. विश्रांती घ्या म्हणाले नाहीत. “स्टूल कुठाय?” म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस स्टुलावर चढला, मी खाली दोन्ही हातांनी स्टूल धरलं, वरून ते देवाचं नाव घेत होते, खालून मी घेत होते. कित्येक आठवड्यांनी ‘हे प्रभू’च्या पुढं मला काहीतरी सुचलं. ‘हे प्रभू, यांना पाडू नकोस.’ एवढीच प्रार्थना. पण ती मनापासून होती.

चांदणी वाकडी लागली. राहू दिली. मी चहा टाकला. आचार्य आमच्याकडे पाणी घेत नाहीत, त्यांचं सोवळं आहे, बावीस वर्षांत मला त्याचा राग आलेला नाही. ते म्हणाले, “तुम्ही प्या. मी बसतो.” आणि अर्धा तास ओट्यावर बसून राहिले. आम्ही काही बोललोसुद्धा नाही. एक बाई चहा प्यायली आणि एक म्हातारा शेजारी बसला, यात सांगण्यासारखं काय आहे? पण मंडळी, ऑक्टोबरानंतर मला विसावा मिळाला तो त्या अर्ध्या तासात.

तेव्हापासून मी ख्रिस्तजन्माच्या गोष्टीचा वेगळा विचार करते. आपल्या नाटकात दरवर्षी, दिवस भरलेल्या आईला जागा नाकारणारा धर्मशाळेचा मालक दुष्ट असतो. ओरडतो, दार आपटतो. मला आता वाटतं, तो आपल्यासारखाच सभ्य माणूस असेल. म्हणाला असेल, बाई अवघडलेली आहे, आत गर्दी, गोंगाट, हिला निवांतपणा हवा, मागं गोठ्यात कुणी त्रास देणार नाही. आणि दार हळूच लोटून घेतलं असेल. मग मेंढपाळ आले. बाळंत होऊन काही तास झालेली परक्या गावातली बाई, आपल्याकडे तर सोयर धरून दहा दिवस कुणी उंबरा ओलांडणार नाही. आणि हे मेंढपाळ आले, अंगाला मेंढरांचा वास घेऊन, येऊ का म्हणून न विचारता. देवदूत आकाशात आले याचं आपण आश्चर्य करतो. देवदूतच ते, येणारच. मला आश्चर्य वाटतं ते मेंढपाळांचं. बाळंतिणीला विश्रांती द्या, असं त्यांना कुणीच कसं शिकवलं नव्हतं? नशीब तिचं.

गेल्या नाताळात पुढं मात्र काही चमत्कार झाला नाही. चांदणी पेटली, पण वृंदाचा फेरा होऊन गेला होता. कुणी आलं नाही. त्या करंज्या मी संक्रांतीपर्यंत एकटीनं खाल्ल्या.

आणि खात असताना मला मालमड्डीचं ते घर आठवलं. शेजारच्या आजी ओरडल्या, ते मी तीस वर्षं लक्षात ठेवलं होतं. पण त्या घराच्या खिडकीत, आत, ज्यांचा नवरा गेला होता त्या बाई बसल्या होत्या. आम्ही गात असताना त्यांचं बोट खिडकीच्या गजावर ठेका धरत होतं. मी ते पाहिलं होतं. पाहिलं आणि ओरडणाऱ्या बाईचं ऐकून निघून आले. पुढच्या वर्षी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या मुलाकडे बेळगावला निघून गेल्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी दोन-तीन घरं आम्ही अशी टाळली. बसून आठवली तर साठाच्या वर भरतात. त्यातल्या किती दारांमागं कुणी कडीवर हात ठेवून उभं होतं, हे आता कुणाला विचारू? काही घरांत त्यानंतरच्या नाताळाला तीही माणसं राहिली नाहीत.

आता कामाचं बोलते, कारण पाळकसाहेब चुळबुळ करायला लागलेत.

परवा दीपश्रीनं मला आजच्या फेऱ्याची यादी दाखवली. सत्तावीस घरं. सुंदर अक्षर. केलगेरीच्या बाजूचं शेवटचं नाव खोडलेलं, आणि समोर लिहिलेलं, ‘दुःख’. ते नाव संतोषचं आहे. आपला ढोलकीवाला संतोष. जुलैत त्याची बायको ज्योती गेली. तो त्यानंतर वृंदात आलेला नाही, आजही या हॉलमध्ये नाही. निरोप पाठवलाय, अक्कांना शुभेच्छा सांगा, तुम्ही फेऱ्याला जाऊन या. आपण सगळ्यांनी त्याला पाच महिने उत्तम विश्रांती दिली आहे.

मी आज दुपारी त्याला फोन केला. येऊ का, असं विचारलं नाही. येतेय, असं सांगितलं. तो म्हणाला, “अक्का, घरात दूधसुद्धा नाही.” मी म्हटलं, “मी घेऊन येते.” मग म्हणाला, “बर्री अक्का.” या म्हणाला.

तर निरोपाच्या वेळी मागायचा हक्क असतो असं धरून दोन गोष्टी मागते. पहिली, वहीतला तो नियम आज मी माझ्या हातानं खोडलाय. त्या जागी नवा लिहू नका. दुसरी, आजचा फेरा केलगेरीपासून सुरू करा. उलटा पडेल, मला माहीत आहे. टेम्पोवाल्या राघवेंद्रला मी सांगून ठेवलंय, तो कुरकुरला आणि हो म्हणाला. संतोषच्या दारावर चांदणी नाही. ती ज्योती लावायची. फाटक उघडा आणि आत जा.

ही खुर्ची मी घरी नेणार, नाही म्हणण्याइतकी मी थोर नाही आणि गुडघे खरंच दुखतात. ओट्यावर ठेवीन. तिच्यात एकालाच बसता येतं, म्हणून शेजारी ते स्टूल ठेवीन. स्टुलावर बसायला तुम्ही यायचं आहे, कधीही, न विचारता.

पाळकसाहेबांचे, पंचांचे, महिला मंडळाचे, आणि एकतीस वर्षं माझा ओरडा खाऊन सुरात गाणाऱ्या माझ्या मुलांचे मी मनापासून आभार मानते. बाळाचार्य, तुमचेही. तुमच्या भांडणाचे विशेष. बोलण्याच्या शेवटी चुकलंमाकलं माफ करा म्हणायची रीत आहे. आजवर मी ते शंभरदा म्हटलं असेल, तोंडदेखलं. आज तसं नाही. ज्या घरांवरून मी तुम्हाला गप्प नेलं, त्या घरांची मी माफी मागते. जी माणसं इथं बसली आहेत त्यांची, आणि जी आता नाहीत त्यांची.

माझ्यासाठी केक कापायला थांबू नका. आचार्यांचा नातू अनिश बाहेर गाडी घेऊन उभा आहे, मी दूध घेऊन पुढं जाते. तुम्ही याल तेव्हा मी संतोषच्या घरात असेन. मराठी गाणं आधी म्हणा, ते त्याचं आवडतं. ढोलकी बरोबर घ्या. वाजवायला कुणी नाही, मला ठाऊक आहे. तरी घ्या.

दार मी उघडणार नाही. ते त्याचं त्यानंच उघडायचं आहे. दुसरं गाणं संपेल, तिसरं संपेल, कदाचित कडी निघणार नाही. आतलं माणूस कडीवर हात ठेवून उभं असतं, एवढं माझ्या सांगण्यावरून धरून चाला. पुन्हा पहिलं सुरू करा. पण निघून जाऊ नका.